रस्त्यावरची पाचवी आज्ञा



गेल्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही नेहमीप्रमाणे स्कूटरवरून निघालो. तीन घरे चर्चजवळच्या आळीत, दोन हमरस्त्याच्या पलीकडे. ‘एवढ्याशा अंतराला हेल्मेट कशाला?’ असे मनाशी म्हणून आम्ही ते सॅक्रिस्टीतल्या कपाटावरच ठेवले. चार दिवसांनी मोबाइलवर संदेश आला. ई-चलान! सोबत छायाचित्रही होते. पांढरा झगा घातलेले, गळ्यात कम्युनियनची पिशवी अडकवलेले आणि उघड्या डोक्याचे तुमचे धर्मगुरू त्यात अगदी स्पष्ट दिसत होते.

रविवारी मिस्सानंतर आम्ही ही गोष्ट हसत हसत दोघा-चौघांना सांगितली. त्यांच्यापैकी एक बंधू लगेच म्हणाले, “फादर, गाडीचा नंबर द्या. आपली ओळख आहे. तुम्ही देवाच्या कामाला निघाला होता, तुम्हाला कसला दंड?” त्यांचे आमच्यावरचे प्रेम खरे होते. आणि खरे सांगायचे तर आम्हीही क्षणभर नंबर सांगायच्या बेतात होतो. ‘देवाच्या कामाला’ हे शब्द कानाला गोड लागले होते.

त्या रात्री झोपण्यापूर्वी आत्मपरीक्षण करताना मात्र ते शब्द टोचू लागले. देवाच्या कामाला निघालेल्या माणसाला देवाने दिलेला देह सांभाळण्याचे बंधन नाही काय? आणि जो धर्मगुरू दर रविवारी वेदीवरून इतरांना आज्ञा समजावून सांगतो, त्याने स्वतःसाठी ओळखीची वाट शोधावी काय? म्हणून आज या पानावर रस्ता, कायदा आणि आपली सदसद्विवेकबुद्धी यांविषयी आपण थोडा विचार करू या.

हा पापपुण्याचा विषय आहे काय?

रागावलो, खोटे बोललो, रविवारचे मिस्सा चुकवले, या गोष्टी आत्मपरीक्षणाच्या वेळी आपल्याला चटकन आठवतात. पण सिग्नल तोडला, उलट्या दिशेने गाडी घातली, दोन पेग घेऊन कुटुंबाला गाडीतून घरी आणले, हे आपल्यापैकी किती जणांना पाप म्हणून आठवते? सापडलो तर ‘नशीब फुटके’, सुटलो तर ‘देवाची कृपा’, असा आपला हिशेब असतो.

ख्रिस्तसभेचा हिशेब तसा नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, ‘खून करू नकोस’ या पाचव्या आज्ञेच्या विवरणात, परिच्छेद २२९० मध्ये हा विषय आला आहे. दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी जे लोक स्वतःची आणि इतरांची सुरक्षितता धोक्यात घालतात ते गंभीर दोषाला पात्र होतात, असे तेथे निःसंदिग्धपणे शिकवले आहे. अपघात झाला तरच दोष, असे तेथे म्हटलेले नाही. धोका निर्माण करणे हाच दोष आहे. पुढे जून २००७ मध्ये व्हॅटिकनने रस्त्यावरील प्रेषितकार्याविषयी एक मार्गदर्शक पत्रक काढले आणि त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्यांतील पहिलीच आज्ञा पाचव्या आज्ञेची आठवण करून देते. पाचवीत सांगितले आहे की, मोटार हे सत्ता गाजवण्याचे आणि पापाला निमित्त होणारे साधन बनू नये.

तुम्ही म्हणाल, खून ही गोष्ट वेगळी आणि सिग्नल तोडणे वेगळे. लाल दिव्यात असे काय पवित्र आहे? प्रश्न योग्य आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हीही तो विचारला होता. आपल्या देशात गाडी डाव्या बाजूने चालवतात, अमेरिकेत उजव्या बाजूने. मग डावी बाजू पुण्याची आणि उजवी पापाची, असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. देवाने सीनाय पर्वतावर डावी-उजवी ठरवून दिली नव्हती. परंतु संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, समाजाची काळजी ज्याच्याकडे आहे त्याने सर्वांच्या हितासाठी, बुद्धीला धरून केलेला आणि जाहीर केलेला नियम म्हणजे कायदा. कोणती तरी एक बाजू ठरवल्याशिवाय समोरून येणाऱ्या माणसाचा जीव सुरक्षित राहू शकत नाही. ती बाजू एकदा ठरली, की ती मोडणे म्हणजे नुसता रंगवलेला पट्टा ओलांडणे नव्हे. समोरच्या माणसाने आपल्यावर ठेवलेला विश्वास आपण मोडतो. हिरवा दिवा पाहून जी बाई लेकराचा हात धरून रस्ता ओलांडते, ती आपल्याला ओळखत नाही, पण ‘हा थांबेल’ असा भरवसा तिने आपल्यावर टाकलेला असतो. शेजाऱ्यावर प्रेम करा, ही आज्ञा रस्त्यावर अशी पाळायची असते.

हा भरवसा किती वेळा मोडतो ते पाहा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दिवसाला सरासरी ४६२. आपले रविवारचे मिस्साबलिदान सुमारे तासभर चालते. तेवढ्या वेळात देशात कुठे ना कुठे सरासरी १९ जण रस्त्यावर प्राण सोडत होते. त्या वर्षीच्या मृतांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. आमचे ते छायाचित्र पाहताना हा आकडा आम्हाला आठवला, आणि हसू ओसरले.

कायदा काय सांगतो?

आपल्यापैकी अनेकांना दंड माहीत असतो, कायदा माहीत नसतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि शिक्षा बऱ्याच कडक झाल्या. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात. येथे दिलेल्या रकमा केंद्रीय कायद्यातील आहेत. काही गुन्ह्यांसाठी राज्य शासनाने तडजोड शुल्क वेगळे ठरवले असल्याने प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम कमी असू शकते.

हेल्मेट नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित होऊ शकतो. चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट आवश्यक आहे. दुचाकीवर तिघे बसले तरी दंड आणि निलंबन तेवढेच. पप्पा, मम्मी, बंटी आणि मध्ये बेबी अशी मिस्साला येणारी आपली कुटुंबे पाहून आम्हाला आनंद होतो आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो.

मोटारीतला पट्टा मागच्या आसनावरही बंधनकारक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागच्या आसनावरील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. त्या दोघांचाच मृत्यू झाला. महागडी गाडी नियमाची जागा घेऊ शकत नाही.

सिग्नल तोडणे, उलट दिशेने जाणे, हातात मोबाइल धरून गाडी चालवणे या गोष्टी धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात मोडू शकतात. त्यासाठी पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

दारूविषयी तर स्पष्टच बोलले पाहिजे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, हा दाखला आम्हाला प्रत्येक लग्नाच्या मांडवात ऐकायला मिळतो. पण कानाच्या पाहुण्यांना घरी जाताना मोटारसायकल चालवायची नव्हती, हे कोणी लक्षात घेत नाही!

आपल्या बेपर्वाईने कोणाचा जीव गेला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडविधानात हीच शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे, हे मोटार वाहन कायद्याने चालकाचे कर्तव्यच ठरवले आहे. जमावापासून जिवाला धोका असेल तर तेथून दूर जावे, पण पोलिस ठाणे गाठावे. नाहीसे होऊ नये.

एका बापाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, रात्री साडेनऊच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या धाकट्या भावाला घेऊन आमच्याकडे आले. त्या कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, आम्ही ही हकिकत सांगत आहोत.

त्यांचा मुलगा अकरावीत होता. वय सोळा. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून वडिलांनी घरात नवी स्कूटर आणली होती. गाडी वडिलांच्या नावावर, चावी मुलाच्या खिशात. त्या संध्याकाळी बाजारातून परतणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाला स्कूटरची धडक बसली. म्हातारा इस्पितळात होता. खुब्याचे हाड मोडले होते.

घरात तोवर बैठक होऊन निर्णय झाला होता. गाडी काका चालवत होते, असे पोलिसांना सांगायचे. काकांकडे परवाना होता. काकाही तयार होते. “पोराचे आयुष्य वाचेल, फादर,” ते म्हणाले. आमच्याकडून त्यांना एवढेच हवे होते की, म्हाताऱ्याच्या घरचे लोक आम्हाला ओळखत होते, तेव्हा त्यांना आम्ही शब्द टाकावा.

आम्ही लगेच काही बोललो नाही. बोलता आले नाही. समोर बसलेला बाप दुष्ट नव्हता. तो घाबरला होता. आम्ही विचारले, “मुलगा कुठे आहे?” तो बाहेर मारियामातेच्या ग्रोटोपाशी अंधारात बसला होता. त्याला आत बोलावले. तो बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, “फादर, गाडी मीच चालवत होतो. पप्पा म्हणतात, काका चालवत होते. मग मी कन्फेशनमध्ये काय सांगू?”

खोलीत कोणी बोलेना. आम्ही त्या रात्री उपदेश केला नाही. मुलाच्या त्या वाक्यानंतर त्याची गरज उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बापाने मुलाला बरोबर घेऊन पोलिस ठाण्यात खरे सांगितले.

सत्य सांगितले म्हणून सारे सुरळीत झाले, असे मात्र आम्ही सांगणार नाही. तसे सांगणे हेही खोटेच ठरेल. कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. आपल्याला कळू न देता मुलाने गाडी नेली, किंवा ती नेऊ नये म्हणून आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे पालकाला सिद्ध करावे लागते. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी असतो. आजच्या बहुतेक स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत. शिवाय चालकाकडे परवानाच नसेल, तर विमा कंपनीने जखमीला दिलेली भरपाई नंतर मालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. त्या बापाला कोर्टाच्या तारखा सोसाव्या लागल्या, कर्ज काढावे लागले, नातेवाइकांची बोलणी खावी लागली.

पण मुलगा दर रविवारी मिस्सानंतर त्या म्हाताऱ्या माणसाला भेटायला जाऊ लागला. पहिले तीन रविवार म्हातारबाबांनी भिंतीकडे तोंड केले. चौथ्या रविवारी ते म्हणाले, “खुर्ची जवळ घे. लांबून ऐकू येत नाही.” ‘क्षमा’ हा शब्द त्यांनी उच्चारला की नाही, आम्हाला ठाऊक नाही. व्हॅटिकनच्या त्या दहा आज्ञांपैकी आठवी असे सुचवते की, दोषी चालक आणि अपघातग्रस्त यांना योग्य वेळी एकत्र आणावे, म्हणजे क्षमेतून मिळणारी मुक्ती दोघांनाही अनुभवता येईल. खोटा चालक उभा केला असता, तर ती खुर्ची कधीच जवळ आली नसती.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली म्हणून देशभर संताप उसळला, पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून मोठ्या माणसांना अटक झाली. न्यायनिवाडा करणे हे आपले काम नाही. पण त्या दिवसांत आपण सर्वच जण ‘श्रीमंतांची पोरे’ म्हणून बोटे मोडत होतो. आपल्या स्वतःच्या पोराच्या खिशात कोणाच्या गाडीची चावी आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी त्या वेळी तपासले?

यरीहोच्या वाटेवर

संत लूक आपल्याला यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेची गोष्ट सांगतो. याजक पाहून पुढे गेला, लेवीही गेला. थांबला तो शोमरोनी. आपल्याकडे जखमीला पाहून लोक पुढे जातात त्यामागे नेहमीच दगडाचे काळीज असते असे नाही. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, इस्पितळवाले पैसे मागतील, साक्षीला फेऱ्या माराव्या लागतील, ही भीती असते.

तर बंधू-भगिनींनो, ही भीती आता टाकून द्या. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठी केंद्राने आखलेल्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, जखमी दगावला तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. या कलमाला इंग्रजीत नाव कोणाचे दिले आहे, माहीत आहे? चांगल्या शोमरोन्याचे! प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातला तो परका माणूस आज आपल्या देशाच्या कायद्यात उभा आहे. मग त्या वाटेवर ख्रिस्ती माणसाने पाहून पुढे जावे काय?

वाटेतच समेट

डोंगरावरील प्रवचनात प्रभू सांगतो की, वादी तुला न्यायाधीशाकडे नेत असताना वाटेतच त्याच्याशी समेट करून टाक. थकलेली ई-चलाने कपाटात दडवून ठेवणाऱ्यांनी हा सल्ला शब्दशः घ्यावा. चलान भरता येते, ते चुकीचे असेल तर रीतसर हरकत घेता येते, लोकअदालतीत तडजोडही होते. ओळख लावून ते नाहीसे करणे किंवा चौकात हातात नोट ठेवणे ही मात्र तडजोड नव्हे. तो दुसरा गुन्हा आहे, आणि त्यात आपण दुसऱ्या माणसालाही पापात ओढतो.

आणखी एक गैरसमज दूर करू या. प्रायश्चित्त संस्काराने पाप धुतले जाते, चलान धुतले जात नाही. जक्कयाला प्रभूने जवळ केले तेव्हा त्याने काय म्हटले? ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देईन. क्षमा मिळालेला माणूस भरपाईपासून पळत नाही. उलट, क्षमा मिळाली म्हणूनच भरपाई करण्याचे बळ त्याच्या अंगी येते.

या आठवड्यासाठी तीन साधे निर्धार सुचवतो. अठरा वर्षांखालील आणि परवाना नसलेल्या मुलाच्या हातून आजच चावी परत घ्यावी. तो रुसेल, रुसू द्या. लग्नाच्या आमंत्रणांची यादी करताना, त्या रात्री न पिता गाडी कोण चालवणार, त्याचीही यादी करावी. आणि आपल्या धर्मग्रामात अपघाताने घरचा कर्ता गेला आहे किंवा अंथरुणाला खिळला आहे अशी जी घरे आहेत, तेथे या रविवारी प्रत्येक छोट्या ख्रिस्ती समूहातून एक तरी जण जाऊन यावा. अशा घरी पहिल्या महिन्यात गर्दी असते, वर्षाने दार कोणी वाजवत नाही.

राहता राहिले आमचे चलान. ते आम्ही भरले. ओळख सांगणाऱ्या बंधूंचे आम्ही मनापासून आभार मानले आणि त्यांना विनंती केली की, पुढच्या वेळी आम्ही उघड्या डोक्याने दिसलो तर त्यांनी आम्हाला गेटवरच अडवावे. या पहिल्या शुक्रवारी त्यांनी खरेच अडवले. हेल्मेट डोक्यावर होते, पण पट्टा लावायचा राहिला होता!

प्रार्थना करू या: हे प्रभो, तूच मार्ग आहेस. आम्ही घराबाहेर पडतो तेव्हा आमच्या हातांना संयम दे, आमच्या डोळ्यांना समोरच्या माणसात तुला पाहण्याची दृष्टी दे. रस्त्यावर ज्यांचा अंत झाला त्यांना तुझ्या राज्यात घे, ज्यांच्या हातून कोणाचा अंत झाला त्यांना सत्य सांगण्याचे धैर्य आणि क्षमेची शांती दे. आमेन.

प्रवाशांचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर आपल्या सर्वांसाठी विनंती करोत. सावकाश जा, सुखरूप या.

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू